लढाऊ विमानांची स्केल मॉडेल्स: रंगकाम आणि वेदरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किट जोडून झालं, सांधे घासून झाले, आता पुढ्यात करड्या प्लास्टिकचं विमान उभं आहे. इथून पुढे रंगकाम आणि वेदरिंग, म्हणजे विमान वापरून मळल्या-झिजल्यासारखं दाखवणं, यांबद्दल जे प्रश्न हमखास पडतात त्यांची ही उत्तरं. उदाहरणं मुख्यतः दुसऱ्या महायुद्धातली आहेत, कारण काजळी, तेल आणि उडालेला रंग यांची रेलचेल त्याच विमानांवर असते. जेटसाठी पुढे वेगळं उत्तर आहे. एक आग्रह मात्र सगळीकडे दिसेल: मॉडेलवर डाग टाकायच्या आधी खऱ्या विमानावर तो कशाने पडला असता, हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो डाग नको.

वेदरिंग करायलाच हवं का?

मुळीच नाही. कारखान्यातून नुकतं बाहेर पडलेलं विमान स्वच्छच असतं. शिवाय युद्धातली सगळी विमानं कळकट असत, हाही गैरसमजच. थोडा जास्त वेग मिळावा म्हणून कितीतरी तुकड्यांत जमिनीवरचे कर्मचारी लढाऊ विमानं घासूनपुसून, वॅक्स लावून गुळगुळीत ठेवत. फोटो टेहळणीच्या बहुतेक स्पिटफायरवर बंदुकाच नसत, त्यांची सगळी भिस्त वेगावर आणि उंचीवर.

दुसरी बाजू अशी की आघाडीवरचं लढाऊ विमान अनेकदा काही महिनेच टिकायचं. तेवढ्या काळात धूर, तेल आणि चिखल भरपूर चढतो, पण वर्षानुवर्षं उन्हात उभं असल्यासारखा रंग विटत नाही. म्हणून मळणं आणि विटणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरा. आधी ठरवा की तुमचं विमान कुठे, कोणत्या महिन्यात आणि किती दिवस वापरात होतं. त्याच विमानाचा जुना फोटो मिळाला तर उत्तमच. नाही मिळाला तर त्याच तुकडीतल्या, त्याच काळातल्या दुसऱ्या विमानाचा बघा. दुसऱ्याचं मॉडेल बघून मात्र वेदरिंग करू नका; त्याने केलेला अतिरेक तुमच्याकडे दुप्पट होऊन येतो.

ॲक्रिलिक, इनॅमल की लॅकर?

रंगांच्या या तिन्ही प्रकारांनी उत्तम काम होतं. व्हॅलेहोसारखे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक ब्रशने छान लागतात आणि त्यांना वास जवळजवळ नसतो. पण प्लास्टिकवरची त्यांची पकड कच्ची असते, मास्किंग टेप ओढली की पापुद्रा निघून येतो. म्हणून खाली प्रायमर, म्हणजे पकड देणारा अस्तराचा थर, हवाच. तामियाचे ॲक्रिलिक अल्कोहोलवर आधारित आहेत. एअरब्रशमधून (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं उपकरण) ते देखणे बसतात, ब्रशने मात्र दुसरा हात देताना खालचा थर उचलला जातो. मिस्टर कलरसारखा लॅकर पातळ आणि चिवट बसतो, काही मिनिटांत वाळतो, पण वास जहाल. हम्ब्रोलसारखे इनॅमल सावकाश वाळतात, एक-दोन दिवस हात लावायचा नाही. आज बेस कोटसाठी, म्हणजे मुख्य रंगासाठी, इनॅमल वापरणारे कमी झाले असले तरी वॉशसाठी, म्हणजे रेघा-खाचांत उतरवायच्या अगदी पातळ रंगासाठी, त्याला तोड नाही.

खरी गोम थिनरची आहे. ज्या कंपनीचा रंग त्याच कंपनीचा थिनर घ्या, निदान सुरुवातीला. व्हॅलेहोमध्ये लॅकर थिनर घातला की रंग फाटतो आणि एअरब्रशमध्ये गुठळ्या अडकतात. थरांचा क्रमही याच हिशेबाने लावायचा, म्हणजे वरच्या थरातल्या थिनरने खालचा रंग विरघळता कामा नये. लॅकर किंवा ॲक्रिलिक खाली आणि इनॅमल किंवा ऑइल पेंट वर, ही जोडी सर्वांत निर्धोक.

एअरब्रश नसेल तर?

ब्रशने नीट रंगवलेलं मॉडेल आळशीपणे एअरब्रश केलेल्या मॉडेलपेक्षा केव्हाही सरस. चपटा, मऊ ब्रश घ्या आणि दाट एका हाताऐवजी पातळ तीन हात द्या. पहिल्या हातानंतर प्लास्टिक आरपार दिसेल, घाबरू नका. पुढचा हात आधीच्याला आडवा ओढा. अडचण येते ती मऊ कडांच्या कॅमोफ्लाजमध्ये आणि धुराच्या डागांमध्ये. धुरासाठी पावडर पिगमेंट आहेत. मऊ कडेसाठी जवळजवळ कोरड्या ब्रशने टिपत जायचं, आणि त्याला चिकाटी लागते.

घ्यायचाच असेल तर डबल ॲक्शन एअरब्रश घ्या, ०.३ मिमी सुईचा. बटण दाबलं की हवा, मागे ओढलं की रंग, असे दोन्ही ताबे वेगळे मिळतात. ०.२ मिमीची सुई बारीक कामाला चांगली, पण पहिल्याच एअरब्रशला ती असली की अर्धा वेळ तुंबलेलं नोझल साफ करण्यात जातो.

रंग किती पातळ करायचा? प्रेशर किती?

रंग पातळ दुधासारखा हवा. कपाच्या आतल्या भिंतीवर ओढला की तो खाली घसरताना मागे हलकासा पडदा राहिला पाहिजे. तामियासाठी एक भाग रंगाला एक ते दीड भाग थिनर, प्रेशर १५ ते १८ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) आणि अंतर ७ ते १० सेंटिमीटर, इथून सुरुवात करा. बारीक रेघा आणि ठिपक्यांसाठी रंग आणखी पातळ करा, प्रेशर १० ते १२ वर आणा आणि जवळ जा.

पृष्ठभाग खडबडीत, भुरभुरीत वाटला तर रंग हवेतच वाळतोय. जवळ जा किंवा थिनर वाढवा. कोळ्याच्या पायांसारखे फाटे फुटले तर रंग फार पातळ झालाय किंवा प्रेशर जास्त आहे. सुईच्या टोकाशी रंग वाळून थुंकी उडायला लागली की थिनरमध्ये भिजवलेल्या काडीने टोक पुसून घ्या. ॲक्रिलिकमध्ये हे वारंवार करावं लागतं, त्यात तुमची काही चूक नाही.

प्रायमर टाळला तर चालतं का?

लॅकरखाली चालून जातं. बाकी कशाखालीही टाळू नका. पकडीइतकाच महत्त्वाचा उपयोग म्हणजे राहिलेले दोष दिसणं. मिस्टर सरफेसर १२०० किंवा १५०० चा एक पातळ करडा थर दिला की पंखाच्या मुळाशी राहिलेली फट, फ्यूजलाजच्या (विमानाच्या धडाच्या) पाठीवरची जोडाची रेघ आणि पुट्टीतली भोकं लगेच डोळ्यांत भरतात. ती तिथेच घासा आणि पुन्हा प्रायमर मारा. चंदेरी रंगाखाली हे दुप्पट काटेकोरपणे करा. त्याआधी मॉडेल कोमट पाण्यात साबणाने धुऊन वाळवून घ्या; बोटांचं तेल आणि घासल्याची भुकटी हे रंगाचे खरे शत्रू.

नेमकी छटा कोणत्या बाटलीत मिळेल?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. आरएलएम (जर्मन हवाई मंत्रालय) च्या रंगक्रमांकांतल्या ७४, ७५ आणि ७६ या करड्या छटा चार कंपन्यांच्या घेतल्या तर चार वेगवेगळ्या दिसतील, आणि चारही कंपन्या आपलीच खरी म्हणतील.

प्रत्यक्षात काय व्हायचं बघा. ऑगस्ट १९४१ पासून ब्रिटिश लढाऊ विमानांवरचा डार्क अर्थ हा तपकिरी रंग जाऊन त्या जागी ओशन ग्रे आला. पण नवा रंग सगळीकडे पुरेसा पोचलेला नव्हता, तेव्हा सात भाग मीडियम सी ग्रेमध्ये एक भाग काळा मिसळून काम भागवायची मुभा होती. हँगरमध्ये बादलीत केलेलं ते मिश्रण दोन तळांवर तंतोतंत सारखं निघालं असेल, असं मानायला मी तयार नाही. अमेरिकी ऑलिव्ह ड्रॅबचंही तेच. नवा असताना तो गडद, किंचित हिरवट. उन्हात तपकिरीकडे झुकतो, आणि कापड चढवलेल्या रडर-एलिव्हेटरवर (शेपटीच्या हलणाऱ्या भागांवर) धातूपेक्षा वेगळाच विटतो, कधी चक्क जांभळट दिसतो. एकाच विमानावर एकाच रंगाच्या दोन-तीन छटा असणं हाच तिथे नियम.

आकाराचाही परिणाम असतो. लांबून पाहिलेला रंग फिकट आणि निस्तेज भासतो. १/७२ चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, मॉडेल हातभर अंतरावरून बघणं म्हणजे खरं विमान पन्नासेक मीटरवरून बघणं. म्हणून बाटलीतला रंग थेट न वापरता त्यात थोडी फिकट छटा मिसळतात. काळ्याच्या जागी अगदी गडद करडा आणि शुभ्र पांढऱ्याच्या जागी किंचित मळका पांढरा वापरला तरी निम्मं काम झालं. टक्केवारीची कोष्टकं मिळतात, मी ती पाळत नाही. डोळ्याला पटेल तितकं मिसळावं.

प्री-शेडिंग की ब्लॅक बेसिंग?

प्री-शेडिंग म्हणजे प्रायमरवर प्रत्येक पॅनेल लाइनवरून (पत्र्यांच्या सांध्याच्या रेघेवरून) गडद रेघ मारायची आणि वरून बेस कोट इतका पातळ द्यायचा की ती पुसट दिसत राहील. तंत्र सोपं आहे आणि फोटोत छान दिसतं. माझा आक्षेप परिणामावर आहे. सगळे चौकोन मध्ये फिकट आणि कडेला गडद झाले की विमानाऐवजी फरशी दिसायला लागते. खऱ्या विमानावर मळ पॅनेलच्या चौकटी पाळत नाही. तो वाऱ्याच्या दिशेने मागे ओढला जातो, माणसांचे पाय पडतात तिथे साचतो आणि गळती होते तिथून ओघळतो.

ब्लॅक बेसिंग मला जास्त पटतं. संपूर्ण मॉडेल काळं करून त्यावर बेस रंगाच्या बारीक, वेड्यावाकड्या नागमोडी रेघा आणि ठिपके पॅनेलभर भरायचे, मग त्याच रंगाच्या पातळ थरांनी सगळं एकजीव करायचं. रंगात हवी तशी अनियमित चलबिचल येते. वेळ खूप लागतो, आणि शेवटचा थर कुठे थांबवायचा हे हाताला कळायला एखादं मॉडेल जातं. त्यासाठी जुन्या मॉडेलचा एखादा पंख बाजूला ठेवून द्या.

कॅमोफ्लाजच्या कडा मऊ ठेवायच्या की तीक्ष्ण?

ते विमानावर आणि काळावर अवलंबून आहे, पण गणित करून बघा. खऱ्या विमानावर रंगाची मऊ कड ५ सेंटिमीटर रुंद असेल तर १/४८ मध्ये ती जेमतेम १ मिलिमीटर होते आणि १/७२ मध्ये ०.७. म्हणजे 'मऊ' कडही मॉडेलवर बऱ्यापैकी घट्टच हवी. ब्लू टॅकच्या (मळता येणाऱ्या चिकट गोळ्याच्या) बारीक वळ्या करून नक्षीच्या कडेला ठेवा, मधली जागा टेपने झाका आणि एअरब्रश पृष्ठभागाला काटकोनात धरा. तिरका धरलात तर वळीखाली रंग शिरतो.

मेसरश्मिट १०९ च्या बाजूंवरचे ठिपके म्हणजे मॉटलिंग. त्यात कोणतंही मास्किंग कामाला येत नाही. रंग एकाला तीन पातळ करा, प्रेशर १० च्या आसपास, सुईवरची टोपी काढा आणि जवळ जा. एका फटक्यात ठिपका पुरा करू नका, पुसटसा टाकून पुढे जा आणि परत येऊन गडद करा. हात बिघडला तर आरएलएम ७६ चा पातळ थर मारून तो ठिपका मागे ढकलता येतो. तयार झालेल्या मॉडेलवर दिसणारं मॉटलिंग असंच पुढे-मागे करत झालेलं असतं.

डेकलखाली चंदेरी चमक का दिसते?

डेकल म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं. मॅट पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत डेकलखाली हवा अडकते आणि ती चमकते. म्हणून डेकलच्या आधी ग्लॉस कोट, म्हणजे चकचकीत पारदर्शक थर. डेकल बसवताना खाली मायक्रो सेट, पाणी टिपून घेतल्यावर वरून मायक्रो सोल; दोन्ही डेकल मऊ करून बसवणारी द्रावणं. सोल लागलं की डेकल सुरकुततं, तेव्हा हात लावायचा नाही. वाळताना ते आपोआप ताणून पॅनेल लाइनमध्ये बसतं. तरीही चमक राहिलीच तर नव्या ब्लेडच्या टोकाने तिथे बारीक टोचे मारा आणि पुन्हा सोल लावा.

सगळं कोणत्या क्रमाने करायचं?

प्रायमर, बेस कोट, कॅमोफ्लाज, विटलेपणाच्या छटा, ग्लॉस कोट, डेकल, डेकल झाकायला पुन्हा पातळ ग्लॉस, वॉश, मग मॅट किंवा सेमी-मॅट. ऑइल पेंटचे ओघळ, धूर आणि धूळ मॅटनंतर, कारण मॅटवर ते पकडतात. टवके कधी काढायचे ते तंत्रावर ठरतं, आणि दोन्ही तंत्रं पुढे येतात. हेअरस्प्रे वापरणार असाल तर बेस कोटबरोबरच, स्पंज वापरणार असाल तर डेकलनंतर. डेकलवरही टवके यायलाच हवेत. सभोवतीचा रंग खरवडलेला आणि त्यावरचं चिन्ह कोरं करकरीत, हे लगेच खटकतं.

वॉश काळाच करायचा का?

काळा जवळजवळ कधीच नको. फिकट करड्या पोटाखाली मध्यम करडा, हिरव्या-तपकिरीवर गडद तपकिरी, गडद निळ्यावर उलट फिकट करडा. ऑइल पेंट व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करा, बारीक ब्रशचं टोक रेघेला टेकवा आणि तो आपोआप धावत जाऊ द्या. २०-३० मिनिटांनी व्हाइट स्पिरिटने किंचित ओलसर केलेल्या कापसाच्या काडीने पुसा, आणि पुसताना दिशा नेहमी पुढून मागे ठेवा. मागे राहणारा पुसटसा फराटा वाऱ्याने ओढलेल्या मळासारखाच दिसतो, म्हणजे एका कामात दोन कामं होतात.

इथेही आकाराचं भान ठेवा. १/७२ वर ०.२ मिमीची रेघ म्हणजे खऱ्या विमानावर १४ मिलिमीटरची फट. उघडझाप होणारी इंजिनची झाकणं, बंदुकांचे कप्पे, फ्लॅप आणि आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) यांचे सांधे गडद करा. उरलेल्या कायमच्या रिव्हेट केलेल्या सांध्यांना नुसती चाहूल पुरे. मस्टँगच्या पंखावर तर तीही नको. हवा पंखावरून सुरळीत वाहावी म्हणून त्याचे सांधे आणि रिव्हेट कारखान्यातच पुट्टीने भरून, घासून वर चंदेरी रंग दिलेला असे. किट बनवणारे तिथे रेघा कोरतात, पण त्या बुजवल्या किंवा निदान वॉश न देता सोडल्या तर मॉडेल खऱ्याच्या जवळ जातं.

एक इशारा. इनॅमल वॉश उघड्या, ताणाखाली असलेल्या प्लास्टिकवर साचू देऊ नका. लँडिंग गिअरच्या खाचा आणि जोर लावून चिकटवलेले सांधे यांत तो शिरला की प्लास्टिक तडकतं.

रंगाचे टवके कुठे आणि किती?

आधी एक प्रश्न विचारा: या जागी खाली काय आहे? मॉस्किटोचं अंग आणि पंख प्लायवूड आणि बाल्साचे होते. त्याच्या पंखावर चंदेरी टवके काढणं म्हणजे लाकडातून ॲल्युमिनियम काढणं. धातू दाखवायचाच तर इंजिनच्या झाकणांवर. हरिकेनच्या फ्यूजलाजचा मागचा भाग कापडाचा. स्पिटफायरचा रडर कापडाचा, आणि सुरुवातीच्या मार्कांवर, म्हणजे आवृत्त्यांवर, आयलेरॉनही. अनेक ब्रिटिश विमानांच्या रोटॉल प्रोपेलरची पाती दाबलेल्या लाकडाची होती, त्यांच्या कडेला चंदेरी रेघ चालत नाही. उलट जपानी लष्कराची कितीतरी विमानं, कावासाकी की-६१ त्यांतलंच, उघड्या धातूच्या अंगाने यायची आणि हिरवा रंग वर तळावर चढवला जायचा, खाली प्रायमर नाही. तो पापुद्र्यांनी सुटायचा. नौदलाचं झीरो मात्र नीट प्रायमर केलेलं असे, तिथे सुरुवातीच्या काळात तरी एवढी पडझड दाखवायचं कारण नाही.

मग दुसरा प्रश्न, इथे कोण किंवा काय घासलं जातं? स्पिटफायरच्या कॉकपिटचं दार डाव्या बाजूला, त्यामुळे वैमानिक आणि मेकॅनिक डाव्या पंखाच्या मुळावरून चढणार. तिथला रंग उजव्यापेक्षा जास्त झिजलेला हवा. मेसरश्मिट १०९ वरही डावीकडूनच चढत. दोन्ही पंखांवर सारखेच टवके दिसले की समजावं, विचार न करता काढलेत. बाकी जागा म्हणजे रोज उघडणाऱ्या झाकणांच्या स्क्रूभोवती, पेट्रोलच्या टोपीपाशी, दारूगोळा भरायच्या कप्प्यांच्या कडेला आणि पंखाच्या पुढच्या धारेवर. पॅसिफिकमधल्या प्रवाळाच्या भुकटीच्या धावपट्ट्यांवर प्रोपेलरच्या वाऱ्याने उडणारे खडे रंग अक्षरशः सोलत.

स्पंजचं तंत्र सर्वांत सोपं. पॅकिंगमधल्या बारीक छिद्रांच्या स्पंजचा वाटाण्याएवढा तुकडा फाडून घ्या. कापू नका, फाटलेली कड अनियमित असते आणि तीच हवी. चिमट्यात धरून चंदेरीत थोडा गडद करडा मिसळलेल्या रंगात टेकवा आणि कागदावर टिपत राहा, जवळजवळ काही उमटेनासं होईपर्यंत. मग पंखाच्या मुळाशी हलकेच टेकवायला सुरुवात करा, दर वेळी स्पंज थोडा फिरवून. पहिल्या चार-पाच टेकवण्यांत काहीच दिसत नाही असं वाटतं, आणि मग अचानक पुरेसं झालेलं असतं. १/७२ वर अर्ध्या मिलिमीटरचा टवका म्हणजे प्रत्यक्षात ३६ मिलिमीटर, म्हणून मोठे ठिपके लगेच पुसून टाका. स्क्रूभोवती आणि कडांना टोकदार चंदेरी पेन्सिल बरी.

मोठ्या झिजेसाठी हेअरस्प्रे. धातूचा रंग, त्यावर लॅकर क्लिअर (पारदर्शक थर), वर हेअरस्प्रेचे दोन पातळ थर, मग ॲक्रिलिकचा बेस. तासाभरात पाण्याने ओला करून ताठ ब्रशने घासलं की रंग सुटतो. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलात तर तामियाचा रंग चांगलाच हट्टी झालेला असतो. आणि सगळे टवके चंदेरी नसतात. मध्ये कुठे कुठे प्रायमरची पिवळट, हिरवट किंवा लालसर कड डोकावली तर खोली येते.

एक्झॉस्टचा डाग काळाच असतो ना?

बहुतेक मॉडेलवर असतो, बहुतेक विमानांवर नसायचा. त्या काळच्या विमानाच्या पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग मिसळलेलं असे. जळल्यावर त्याचे फिकट करडे, राखाडी-पिवळट क्षार मागे बसत. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोल कमी मिळत असेल, म्हणजे लांब पल्ल्याचं संथ उड्डाण, तर डाग फिकट. पेट्रोल जास्त असेल, म्हणजे जमिनीवर, टेकऑफला आणि चढताना, तर काळी काजळी. लँकेस्टरसारख्या बॉम्बरच्या पंखावर हे फिकट पट्टे लांबवर ओढलेले दिसतात.

म्हणून डाग थरांत बांधा. आधी अतिशय पातळ गडद तपकिरी, एकाला चार-पाच थिनर, कमी प्रेशरने, नळकांड्यांपासून मागे वाऱ्याच्या रेषेत. त्यात नळकांड्यांच्या तोंडाशी थोडा काळा. मग मधोमध फिकट करडा किंवा बफ (फिकट पिवळट तपकिरी), तोही तितकाच पातळ. डाग सरळ रेषेत जात नाही, पंखाच्या मुळावरून हवा वळते तसा तोही वळतो. फोटोत ती वळणं नीट दिसतात. कोणत्या विमानाचा धूर कुठून निघतो तेही बघा. थंडरबोल्टचा टर्बो सुपरचार्जर (धुराच्या जोरावर फिरणारा हवेचा पंप) शेपटीकडच्या पोटात आहे, लाइटनिंगचे दोन्ही बूमच्या (इंजिनांमागून शेपटीपर्यंत जाणाऱ्या दांड्यांच्या) पाठीवर. ॲल्युमिनियमवर लोखंडासारखा तांबूस गंज चढत नाही हे सगळ्यांना माहीत असतं, पण एक्झॉस्टची नळकांडी पोलादी असतात, आणि त्यांच्यावरच गंजाची तपकिरी झाक शोभते.

बंदुकांची काजळीही अशीच. ब्रिटिश विमानांच्या बंदुकांच्या तोंडावर उड्डाणाआधी लाल कापडाचे तुकडे डकवत. ते शाबूत असतील तर बंदुका झाडलेल्याच नाहीत, मग पंखाखाली काजळीचे फराटे कशाचे?

तेलाचे ओघळ कसे काढायचे?

ऑइल पेंटचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका (बर्न्ट अंबर आणि काळा मिसळून) इंजिनच्या झाकणाच्या खालच्या कडेला ठेवा. व्हाइट स्पिरिट लावून जवळजवळ कोरडा केलेला सपाट ब्रश त्यावरून एकदाच मागे ओढा. एकदाच. पुन्हा पुन्हा ओढला की ओघळाचा धुरकट पट्टा होतो. उड्डाणातले ओघळ मागे जातात, उभ्या विमानातले सरळ खाली. दोन्ही थोडे थोडे दाखवा. रेडियल इंजिनाच्या (ज्याचे सिलिंडर वर्तुळात मांडलेले असतात) विमानाचं पोट ही सर्वांत तेलकट जागा. ताजं तेल चमकतं, म्हणून मॅट कोटनंतर एखाद-दुसऱ्या ओघळावर ग्लॉस लावला तर तो ओला दिसतो.

कॉर्सेअरच्या कॉकपिटपुढे इंधनटाकीच्या सांध्यांवर पांढऱ्या टेपच्या पट्ट्या दिसतात. गळणारं पेट्रोल काचेवर येऊ नये म्हणून त्या तळावरच चिकटवलेल्या असत. वेदरिंगपेक्षा अशी एखादी खूण मॉडेलला जास्त जिवंत करते.

उघड्या धातूचं विमान कसं करायचं?

१९४४ पासून अमेरिकी हवाई दलाची बरीच विमानं बिनरंगाची येऊ लागली, त्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही. सगळं यश खालच्या थरात आहे. काळा ग्लॉस आरशासारखा बसला तरच त्यावर ॲल्क्लॅडसारखा धातुरंग उजळतो. एक ओरखडा राहिला तरी तो दुप्पट मोठा दिसतो. धातुरंग अगदी पातळ थरांत, १२ ते १५ पीएसआयने. पूर्ण वाळल्यावर काही पॅनेल्स झाकून शेजारच्यांना किंचित गडद किंवा फिकट छटा द्या, कारण पत्र्याचे दोन तुकडे सारखे चमकत नाहीत. टेप आधी हातावर चिकटवून तिचा चिकटपणा कमी करून घ्या. मस्टँगचे पंख फ्यूजलाजपेक्षा मंद चंदेरी ठेवा; कारण वर आलंच आहे.

बर्फाळ आघाडीवरचा पांढरा रंग आणि इन्व्हेजन पट्टे?

दोन्हींत घाई दिसली पाहिजे. हिवाळ्यातला पांढरा रंग तात्पुरता, धुऊन निघणारा असे. हिरव्या कॅमोफ्लाजवर क्लिअर, हेअरस्प्रे आणि वर असमान पांढरा मारा, मग पायवाटा आणि पंखांच्या धारा पाण्याने घासून उघड्या करा.

जून १९४४ च्या नॉर्मंडी आक्रमणाआधी दोस्तांच्या विमानांवर तीन पांढरे आणि दोन काळे पट्टे ओढले गेले, एका इंजिनाच्या लढाऊ विमानांवर प्रत्येकी १८ इंच रुंद. गुप्तता राखायची म्हणून काम अगदी शेवटच्या घटकेला निघालं आणि हाती लागेल त्या ब्रशने उरकलं गेलं. काटेकोर कडांचे डेकल पट्टे त्यामुळे मला फार पटत नाहीत. रंगवा, किंचित वाकडे रंगवा.

जेट विमानांचं काय?

तर्क तोच, मळ वेगळा. विमानवाहू जहाजांवरची अमेरिकी जेट एफएस (अमेरिकी सरकारी रंगक्रमांक) ३६३२० आणि ३६३७५ अशा करड्या छटांत असतात. खाऱ्या हवेत गंज धरू नये म्हणून खलाशी जागोजागी रंगाचे ठिगळ मारत राहतात. परिणामी ती ठिपक्याठिपक्यांची, हात लागून तेलकट झालेली दिसतात. इथे चंदेरी टवके जवळजवळ नकोतच. जरा वेगळ्या करड्या छटांचे अनियमित ठिगळ, पायवाटांवरचा मळ आणि हायड्रॉलिकचे तपकिरी-लालसर ओघळ यांवर भर द्या.

वेदरिंग जास्त झालं, आता?

इनॅमल किंवा ऑइलचं काम ॲक्रिलिक वा लॅकर क्लिअरवर केलं असेल तर व्हाइट स्पिरिटने बरंचसं पुसता येतं, दुसऱ्या दिवशीसुद्धा. म्हणूनच प्रत्येक टप्प्यानंतर क्लिअरचा थर द्यायचा, तो झाला की मागचं काम सुरक्षित. एअरब्रशने मारलेला धूर पुसता येत नाही, पण बेस रंगाच्या पातळ थराने मागे ढकलता येतो. मॅट कोटवर पांढरट धुकं आलं असेल तर बहुधा हवेत दमटपणा जास्त होता. एक ग्लॉसचा थर ते बरेचदा घालवतो, मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट.

कॅनोपीची चौकट सरळ कशी येते?

कॅनोपी म्हणजे कॉकपिटवरचं काचेचं झाकण. तिच्या मापाने कापलेला चिकट मास्क मिळत असेल तर पैसे वाचवू नका. पहिला थर कॉकपिटच्या आतल्या रंगाचा, त्यावर बाहेरचा. म्हणजे काचेतून पाहिलं की चौकट आतून बरोबर रंगाची दिसते. कॅनोपीजवळ सुपरग्लू वापरू नका, त्याच्या वाफेने काच धुरकट होते. पांढरा गोंद पुरतो.

वासाचा त्रास किती गंभीर?

लॅकरच्या बाबतीत गंभीर आहे. धूळ अडवणारा साधा मास्क वाफा अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर आणि हवा बाहेर फेकणारा बूथ हवा. जवळ ज्योत नको. ॲक्रिलिकला वास नसला तरी फवारा फुप्फुसात जातोच, मास्क तिथेही.

पुरं झालेलं मॉडेल धुळीपासून कसं जपायचं?

झाकणाच्या कपाटात. उघड्यावर ठेवणार असाल तर मेकअपच्या मोठ्या मऊ ब्रशने महिन्यातून एकदा पुढून मागे झाडा, अँटेनाची तार आणि पिटो ट्यूब (वेग मोजणारी बारीक नळी) टाळून. कापड फिरवू नका, मॅट थर घासला जाऊन चमकायला लागतो. पिगमेंट पावडर नुसती लावून सोडली असेल तर ती या झाडण्यात निघून जाईल, म्हणून ती लावतानाच कडेला थेंबभर पिगमेंट फिक्सर सोडून पक्की करा. थेट उन्हात ठेवलेल्या मॉडेलवरचे डेकल विटतात.